गणपतीआधी रंगवलेली भिंत शिमग्यापर्यंत पुन्हा का फुगते? चिऱ्याच्या जुन्या घरातली ओल

कोकणातल्या जुन्या घरांत हे दृश्य सर्रास दिसतं. माजघराची नाहीतर ओटीची भिंत, जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत. रंगाला फुगे येतात, नखाने दाबलं की पापुद्रा सुटतो आणि मागून कापसासारखा पांढरा भुगा गळतो. श्रावणात पेंटर येतो, खरवडतो, लांबी (पुट्टी) भरतो, दोन हात रंग मारतो. गणपतीत भिंत छान दिसते. दिवाळीनंतर तीच जागा पुन्हा फुगते.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरात हे सलग नऊ वर्षं चाललं. त्या काळात आम्ही दोनदा सिमेंटचं प्लास्टर केलं, एकदा वॉटरप्रूफिंगचं रसायन मारलं आणि शेवटी कंटाळून तीन फुटांपर्यंत टाइल्स लावल्या. पुढच्या पावसाळ्यात ओल टाइल्सच्या वर, साडेचार फुटांवर दिसायला लागली. तेव्हा कळलं की आपण पाणी थांबवलेलं नाही, त्याला फक्त वर ढकललंय. त्यानंतरच्या चार वर्षांत जे शिकलो आणि स्वतःच्या हाताने केलं, ते इथे लिहितोय. घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, असेल तर यातलं बहुतेक सगळं लागू पडेल. जुन्या विटांच्या किंवा मातीत बांधलेल्या दगडी घरांनाही बरंचसं लागू आहे.

आधी वेळ बघा, मग भिंत

ओल कुठे दिसते यापेक्षा ती कधी दिसते हे जास्त सांगून जातं. पेन्सिल घ्या आणि ओलीच्या वरच्या कडेला रेघ मारून तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी हेच करा. एका पावसाळ्यात भिंतीवर जी नोंद तयार होते, ती कुठल्याही यंत्रापेक्षा उपयोगी पडते.

मोठी सर आली आणि दोन-चार तासांत डाग गडद झाला, तर पाणी वरून किंवा बाजूने येतंय: फुटलेलं कौल, सरकलेला कोना (माथ्यावरचं कौल), खिडकीच्या वरची फट, झड लागणारी बाजू. डाग बहुतेक वेळा वरच्या भागात असतो आणि खाली ओघळतो. हे सगळ्यात सोपं प्रकरण. टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. वाशांवर आणि रिपांवर काळे डाग शोधा. पाणी वाशावरून घसरत भलतीकडेच पडतं, म्हणून डागाच्या बरोबर वरचं कौल बदलून भागत नाही, वाशाच्या चढाकडे बघत जा. पूर्वी दर वर्षी पावसाआधी कौलं परतली जायची. आता माणसं मिळत नाहीत म्हणून ते काम चार-पाच वर्षांनी होतं, आणि निम्म्या गळत्या त्यातूनच सुरू होतात.

पाऊस सुरू झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ओल खालून वर चढायला लागली आणि पाऊस गेल्यावरही महिना-दीड महिना टिकली, तर पाणी जमिनीतून येतंय.

मे महिन्यातही डाग तसाच असेल, तर नळ तपासा. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. आकडा हलला तर कुठेतरी पाईप पाझरतोय. विहिरीचं पाणी असेल आणि मीटर नसेल, तर टाकीची पातळी खडूने आखून ठेवली तरी चालतं. मागच्या बाजूच्या न्हाणीघराचं सांडपाणी जोत्याला लागूनच जिरत असेल, तर आणखी शोधत बसू नका.

आता चौथा प्रकार. पाऊस नाही, गळती नाही, पण हवा दमट झाली की भिंत ओली होते आणि दोन दिवस कोरडी हवा पडली की डाग विरतो. याचं कारण भिंतीत साठलेलं मीठ आहे. आम्हाला हे कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

लोणा म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे "भिंतीला लोणा लागला" म्हणतात, तो हाच पांढरा भुगा. जमिनीतलं पाणी चिऱ्यातून वर चढताना विरघळलेले क्षार सोबत आणतं. पृष्ठभागावर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक तयार होताना जागा मागतात आणि ती जागा रंगाच्या, लांबीच्या किंवा प्लास्टरच्या मागे मिळवतात. म्हणून पोपडे भर पावसात सुटत नाहीत. पाऊस गेल्यावर, भिंत वाळायला लागल्यावर सुटतात. दिवाळी ते शिमगा हा त्यांचा हंगाम.

साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे खालून येणारं पाणी तुम्ही पूर्ण बंद केलं, तरी भिंतीत आधीच साठलेलं मीठ दर पावसाळ्यात तिला पुन्हा ओली करतं. गोठ्याला लागून असलेल्या भिंतीत नायट्रेट क्षार असतात. त्यांतले काही तर याहून कमी आर्द्रतेतही पाणी धरतात. गुरं विकून वीस वर्षं झाली तरी गोठ्याकडची भिंत का सुकत नाही, याचं उत्तर तिथे आहे.

भुगा मिठाचाच आहे का, हे तपासायला चमचाभर भुगा पेल्यातल्या पाण्यात टाका. विरघळला तर क्षार. तळाशी बसला तर चुना किंवा लांबीचा चुरा. काळे-हिरवे ठिपके असतील तर ती बुरशी, तिचा उपाय वेगळा: खिडकी उघडी ठेवणं आणि कपाट भिंतीपासून लांब घेणं.

ओल मोजायचं स्वस्त यंत्र मिळतं, दोन टोकं भिंतीला टेकवायची आणि आकडा वाचायचा. मीठ असलेल्या भिंतीवर त्यावर विश्वास ठेवू नका. ते विजेचं वहन मोजतं, आणि मिठामुळे वहन वाढतं. त्यामुळे जवळजवळ सुकलेली भिंतही ते चिंब दाखवतं. याच आकड्यावर बोट ठेवून आम्हाला एका कंत्राटदाराने रसायनाचं काम विकलं होतं.

त्यापेक्षा हे करा. सोनार वापरतात तसा छोटा वजनकाटा घ्या. ड्रिल सावकाश चालवून भिंतीत चार उंचींवर भोकं पाडा: अर्धा फूट, दोन फूट, साडेतीन फूट, पाच फूट. प्लास्टरचा चुरा फेकून द्या, आतल्या चिऱ्याचा दहा-दहा ग्रॅम चुरा लगेच झाकणाच्या डबीत भरा. वजन करा, मंद आचेवर तव्यात कोरडा करा, पुन्हा वजन करा. किती पाणी होतं ते कळलं. खाली सगळ्यात जास्त आणि वर जाताना कमी होत गेलं, तर जमिनीतली ओल चालू आहे. मधेच, तीन-साडेतीन फुटांवर सगळ्यात जास्त आणि खाली कमी, तर मीठ. खात्री करायची असेल, तर कोरडा केलेला चुरा बशीत पसरून पावसाळ्यातल्या खोलीत दोन दिवस उघडा ठेवा आणि पुन्हा तोला. वजन पुष्कळसं परत आलं, तर ते पाणी हवेतलं.

आमच्याकडे दोन्ही निघालं. खाली जमिनीतली ओल, वर मीठ. बहुतेक जुन्या घरांत असंच असणार.

भिंत आधी कोरडी होती, मग बिघडलं काय?

घर जवळपास शंभर वर्षांचं. आजी सांगायची की पूर्वी भिंतीला असं काही नव्हतं. मला वाटायचं जुन्या माणसांना सगळं जुनंच चांगलं वाटतं. नंतर बसून यादी केली की घरात काय काय बदललं, तेव्हा तिचं म्हणणं पटलं.

जुन्या जमिनी मातीच्या होत्या, शेणाने सारवलेल्या. जमिनीतला दमटपणा सगळ्या खोलीभर, थोडा थोडा, सारवलेल्या जमिनीतून उडून जायचा. आम्ही खाली काँक्रीट ओतून वर चकचकीत फरशी बसवली. मधली वाट बंद झाली, ओल कडेला गेली आणि भिंतीतून वर चढली.

बाहेरच्या बाजूला खळ्यात (अंगणात) दर काही वर्षांनी माती, मग सिमेंटचा कोबा, मग त्यावर पेव्हर ब्लॉक. जोतं पूर्वी दोन फूट वर होतं, ते मोजलं तर जेमतेम सात इंच उरलं होतं. पागोळ्या कडक जमिनीवर आपटून भिंतीवर दीड फुटापर्यंत शिंतोडे उडवत होत्या. पूर्वी वळचणीखाली माती आणि चिपं असायची, पाणी तिथेच जिरायचं. झडीच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, तेही आम्ही बंद केलं होतं.

तिसरा बदल सिमेंटचा. मूळ गिलावा चुन्याचा होता. चुन्यातून वाफ बाहेर पडते, भिंत वाळते. सिमेंटचं प्लास्टर घट्ट आणि ताठ. त्याला केसासारख्या भेगा पडतात, भेगेतून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला जागा सापडत नाही. शिवाय सिमेंट चिऱ्यापेक्षा कठीण. ते सुटतं तेव्हा चिऱ्याचा वरचा थर घेऊन सुटतं. जांभ्याला 'लॅटराइट' हे नाव स्कॉटिश डॉक्टर आणि सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ मध्ये दिलं, लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना तो विटेसारखा कापता येतो आणि हवेवर राहून कठीण होतो. ती कठीण झालेली साल एकदा उखडली की आतला मऊ, भोकाभोकांचा भाग उघडा पडतो आणि पाणी आणखी पितो. म्हणून चिऱ्याच्या भिंतीवरचं सिमेंट काढताना ब्रेकर मशीन लावू नका. छन्नी आणि हलकी हातोडी, कडेने आडवी मारत.

आम्ही काय केलं, त्याच क्रमाने

पहिल्या वर्षी भिंतीला हातच लावला नाही. सगळं काम बाहेर. हे घरच्यांना पटवणं सगळ्यात अवघड गेलं, कारण आतला डाग तसाच होता आणि पैसे अंगणात जात होते.

भिंतीलगतचे पेव्हर अडीच फूट रुंदीत काढले. माती नऊ इंच खाली नेली. तिथे खडी भरली आणि तळाशी भोकं असलेला पाईप टाकला, शंभर फुटांना एक फूट उतार ठेवून, तो परसातल्या वहाळाकडे सोडला. इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे: चर पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ देऊ नका आणि पायाला चिकटून खणू नका. जुन्या घरांचा पाया कधी कधी इतका उथळ असतो की बघून धस्स होतं. आधी एका जागी हातभर खड्डा घेऊन पाया कुठे संपतो ते बघा. भिंतीला पोट सुटलं असेल, ओळंब्याने बघितल्यावर ती झुकलेली दिसत असेल किंवा भेगेत बोट जात असेल, तर हे काम स्वतः करू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

मग पन्हळ. वळचणीला पूर्ण लांबीची पन्हळ लावली आणि पाणी पाईपने लांब नेलं. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यामुळे शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी चार इंची पन्हळ पहिल्याच मोठ्या सरीत ओसंडली. सहा इंची लावा, दर दोन फुटांवर कंस ठेवा आणि पावसाच्या मधे दोनदा तरी पानं काढा.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, आतल्या टाइल्स आणि सिमेंट साडेपाच फुटांपर्यंत काढलं. जिथे डाग संपतो त्याच्या वर आणखी फूटभर काढायचं, कारण मीठ डागापेक्षा पुढे गेलेलं असतं. त्याआधी मेन स्विच बंद केला, कारण ओल्या भिंतीत वायरिंग होतं. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीचे थर भिंतीवर आहेतच. पाणी मारून खरवडा, एन-९५ मास्क लावा, पोरांना घराबाहेर पाठवा.

मग भिंत उघडी ठेवली. ढोबळ हिशोब असा की जाड भिंत महिन्याला इंचभर वाळते. आमची भिंत पंधरा इंची, म्हणजे सव्वा वर्ष. येणारा-जाणारा विचारायचा, काम अर्धवट का टाकलं? आम्ही दर आठवड्याला कोरड्या ब्रशने भिंत झाडायचो आणि खाली पडलेला भुगा सुपलीत गोळा करून लांब टाकायचो. पाण्याने धुवायची नाही, मीठ विरघळून परत आत जातं. सुरुवातीला आठवड्याला ओंजळभर भुगा निघायचा. मे महिन्यापर्यंत चिमूटभर.

जिथे भुगा थांबतच नव्हता, त्या देवघरामागच्या कोपऱ्यात वर्तमानपत्राचा लगदा केला, साध्या पाण्यात, आणि अर्धा इंच जाड थापला. वाळून आपोआप सुटला की फेकायचा, पुन्हा थापायचा. लगदा वाळताना भिंतीतलं मीठ स्वतःत ओढून घेतो. असं तीनदा केलं. इतक्या साध्या गोष्टीने इतका फरक पडेल असं मला खरंच वाटलं नव्हतं.

चुन्याचा गिलावा

तिसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर, सव्वा वर्ष पूर्ण व्हायच्या आधीच, गिलावा. कळीचा चुना घरी विरवायचा मोह होतो. तो पाण्यात पडला की उकळतो आणि उडतो, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. करायचाच असेल तर चष्मा, हातमोजे, आणि चुना पाण्यात टाकायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही. आम्ही विरवलेला चुना पोत्यातून आणला आणि तीन आठवडे पिंपात पाण्याखाली मुरू दिला. पोतं घेताना आयएस ७१२ (बांधकामाच्या चुन्याचं भारतीय मानक) मधला कुठला वर्ग आहे ते विचारा. 'सी' वर्ग म्हणजे फॅट लाइम, तो फक्त हवेने कडक होतो. तो घेतला तर ओल्या जागेसाठी सुरखी हवीच.

आमचं प्रमाण: एक घमेलं चुना, एक सुरखी, दोन वाळू. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटांची भुकटी, तिच्यामुळे दमट जागीही चुना धरतो. वाळू खाडीची नको. कोकणात सर्रास खाडीची वाळू वापरतात, म्हणजे मीठ काढायला दोन वर्षं घालवायची आणि नव्या गिलाव्यातून तेच परत आणायचं. नदीची वाळू घ्या, किंवा खाडीचीच असेल तर ती मोकळ्यावर पसरून एक पूर्ण पावसाळा धुऊन निघू द्या.

आधी दरजा (चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी) भरल्या. मग भिंत ओली करून जेमतेम अर्ध्या इंचाचा हात, त्यावर ओरखडे, आठवडाभराने दुसरा हात. ओली पोती लावून दहा दिवस दमट ठेवलं. घाईने वाळला तर चुना भुसभुशीत राहतो, म्हणून हे काम एप्रिल-मे मध्ये करू नये. गावातल्या एका वयस्कर गवंड्यांनी माझी थापी बघून तीच भिंत अर्धी उतरवून पुन्हा करायला लावली. त्यांचं बरोबर होतं, माझा हात फार जाड बसत होता. सिमेंटची सवय असलेल्याने आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात चार फूट करून बघावं. आणि "थोडं सिमेंट टाकू या, लवकर धरेल" असं कुणी म्हटलं तर स्पष्ट नाही म्हणा.

वर रंग म्हणजे चुन्याचाच, दुधाइतका पातळ, पाच हात. लांबी नाही, पीओपी नाही, इमल्शन नाही. पीओपी ओल्या भिंतीवर लोण्यासारखं मऊ पडतं, आणि इमल्शनची पातळ कातडी पुन्हा फुगे आणते.

भिंतीत भोकं पाडून रसायन भरण्याबद्दल विचाराल, तर चिऱ्याच्या जाड भिंतीत मी ते सुचवणार नाही. जांभ्यात आधीच नळ्यांसारखी भोकं असतात आणि मधे मातीचं बांधकाम. रसायन सलग थर न करता पोकळीत निघून जातं.

आता स्थिती

दोन पावसाळे झाले. सगळ्यात वरची पेन्सिलची रेघ साडेचार फुटांवर होती, गेल्या ऑगस्टची अकरा इंचांवर आहे. देवघरामागचा कोपरा अजून पूर्ण सुकलेला नाही. तिथला चुना दर वर्षी मूठभर झडतो, मी खरवडून तिथे पुन्हा थापतो. फरशी मात्र बदललेली नाही. खर्च झेपला तर भिंतीलगतची एक ओळ काढून तिथे चुना-खडीची पट्टी करायचं मनात आहे.

आणि गणपतीआधी रंग मारणं आम्ही बंद केलं. श्रावणात भिंत वर्षातली सगळ्यात ओली असते, तेव्हा तिच्यावर काहीही लावलं तरी ते आतल्या पाण्यावर लावलेलं असतं. चुन्याचा हात आता दिवाळीनंतर मारतो. गणपतीत मखराच्या मागे आईच्या दोन जरीच्या साड्या ताणून लावतो, भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे मागून हवा खेळती राहते.